तीन आटे

पाटली एकच आहे. जोडीतली दुसरी कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

आईच्या कपाटाच्या चोरकप्प्यात, सोनाराच्या गुलाबी कागदात ती गुंडाळलेली. कागद घड्यांवर इतका विरलाय की उलगडायला जाता तर त्याचे हातातच चार तुकडे होतात. डोंबिवलीची इमारत पाडायची आहे, फ्लॅट रिकामा करायला बिल्डरनं तारीख दिलीय. खरे दागिने आधीच लॉकरमध्ये गेले. ही मागं राहिली. हिच्यासाठी लॉकरमधली जागा कोण अडवणार?

तुम्ही ती खिडकीशी नेता. वरून वेलबुट्टी, कडेनं बारीक दाण्यांची रांग. उंच भागांवरचं पिवळं उडून तपकिरी पडलंय, खोलगट भागांत मात्र ते अजून लख्ख आहे. अंगठा आत सरकवला की आतल्या कडेला एक खाच लागते, कानशीची. तिच्यात तांबं दिसतं. दोन अर्धगोल, एकीकडे बिजागरी, दुसरीकडे मळसूत्राची खीळ, आणि खिळीवर जुना लाल दोरा गुंडाळलेला.

खरं सोनं आपल्या घरांतून तीन पिढ्या एका आकारात टिकतं का, आठवून बघा. आजीच्या गोठांचा आईचा हार होतो, हाराची सुनेसाठी चेन आणि कानातलं होतं. प्रत्येक वेळी सोनार घट कापतो, मजुरी लावतो, आणि घरात कुणाला वाईट वाटत नाही, कारण सोनं घरातच आहे ना. वजन राहतं, दागिना जातो. ही पाटली मोडायला कुणी नेली नाही, कारण हिचं मोडून काही आलंच नसतं. तेव्हा तुमच्या आजीनं लग्नात जसा पाहिला, अगदी तसाच उरलेला घरातला एकमेव दागिना हा. गिलिटाचा.

तुम्ही ती मनगटावर चढवता. खीळ उजवीकडे पिळायची असते. तुम्ही घाईत उलटी फिरवता.

एक आटा सुटतो.

गर्दीचा एक लोंढा तुम्हाला आत ढकलतो. घाम, मोगरा, ओली छत्री. 1996 चा पावसाळा, संध्याकाळची डोंबिवली लोकल, बायकांचा डबा. पायाशी वाटाण्याच्या शेंगा सोललेल्या. दरवाज्यातल्या बाया ठाणं येईपर्यंत कुणालाही जागा द्यायला तयार नाहीत. चौथ्या सीटवर अर्धी बाहेर बसलेली ती पोरगेली बाई तुमची आई आहे. अठ्ठावीस वर्षांची. तुम्हाला तिचे केस एवढे दाट होते हे ठाऊकच नव्हतं.

तिच्या हातात ही पाटली आहे. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. लोकलनं जाताना खरं घालायचं नाही, हा त्या डब्याचा अलिखित नियम. गळ्यातलं ओढून धावत्या गाडीतून उडी टाकणारे सगळ्यांनी पाहिलेत.

"बेन्टेक्सची का गं?" शेजारीण विचारते. कुठल्याही पिवळ्या पण खोट्या दागिन्याला तेव्हा सरसकट बेन्टेक्सच म्हणायचे, मग तो कुणीही बनवलेला असो.

"आईची आहे," तुमची आई म्हणते. विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, पण शेजारणीला पुरतं.

गाडी हिसका देते, आई दांडी धरायला हात वर करते आणि खीळ निखळून पडते. मग सुरू होते शोधाशोध. पायांच्या जंगलात सात-आठ बायका वाकतात, कुणीतरी "हलू नका गं" म्हणून ओरडते, आणि खीळ शेंगांच्या सालांत सापडते. आटे झिजलेत, घट्ट बसत नाही. समोर एक जण साडीला फॉल लावत बसलीय. चालत्या लोकलमध्ये, तेही एकसारखे टाके घालत. ती रिळाचा लाल दोरा दातानं तोडून पुढं करते. आई तो खिळीला तीन वेढे देऊन पिळते. बसते.

पाटली सरकलेल्या जागी तिच्या मनगटावर हिरवट वळं उमटलंय. घामानं तांब्याचं तसं होतं. ती पदरानं पुसते, पुसलं जात नाही. तुम्ही हात पुढं करणार, तोवर गाडी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरते.

अंधारात तुम्ही दुसरा आटा फिरवता.

आधी जाणवते ती शांतता. लालबागेत एवढी शांतता असायला नको. चिमण्या उभ्या आहेत, पण त्यांच्या तोंडाशी धूर नाही. पाळीचा भोंगा नाही. 1982 चा श्रावण. 18 जानेवारीला सुरू झालेला गिरण्यांचा संप सातव्या-आठव्या महिन्यात गेलाय, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आहेत, आणि संपाचे पुढारी डॉक्टर सामंत तडजोड करून आणतील या भरवशावर अख्खं गिरणगाव उधारीवर जेवतंय. वाण्यानं वही मिटून ठेवलीय. निम्म्या चाळी गावाकडं गेल्यात, भातलावणीला म्हणून. लावणी झाली तरी परतलेल्या नाहीत.

तुमच्या पुढं एक माणूस चालतोय. पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, उजवा कान किंचित पुढं काढून ऐकायची सवय. साचेखात्यात वीस वर्षं काढलेल्याचे कान असेच होतात. हे तुमचे आजोबा. पंच्याच्या टोकाला त्यांनी काहीतरी बांधलंय आणि दर दहा पावलांनी ते चाचपून बघतायत.

पेढीवर उंबऱ्यापर्यंत रांग आहे. भांडी, मनगटी घड्याळं, एक शिवणयंत्र, पायलीभर जोडवी. रांगेत कुणी कुणाकडं बघत नाही; सगळे एकाच खात्यातले असतील तरी. आजोबांचा नंबर लागतो. ते गाठ सोडतात. एकच पाटली. दुसरी त्यांनी ट्रंकेत ठेवलीय, म्हणजे अगदीच हात रिकामा केला असं व्हायला नको. याआधी याच पेढीवर मणी-वाट्या आल्यात, कुड्या आल्यात. पाटलीला हात लावायला त्यांना श्रावण उजाडावा लागला.

शेठजी पाटली तळव्यावर तोलतात. काही बोलत नाहीत. काळी कसोटी पुढं ओढून कडेनं एक रेघ मारतात: पिवळी, पण मध्येच लालसर झाक. मग कानस घेतात. तुमच्या अंगठ्याला ठाऊक असलेली ती खाच तुमच्या डोळ्यांसमोर पडते, दोन घासांत. बाटलीच्या काचेच्या काडीनं तेजाबाचा एक थेंब.

थेंब फसफसतो आणि हिरवा होतो.

शेठजी फडक्यानं पाटली पुसतात, दोनदा पुसतात, आणि रांगेतल्या माणसाला दिसणार नाही अशा बेतानं परत त्यांच्या मुठीत देतात. "ठेवा घरी," एवढंच. पेढीवाल्यांबद्दल गिरणगावात बरंवाईट पुष्कळ बोललं गेलंय, बरंचसं खरंही असेल. पण त्या क्षणी त्या माणसानं आवाज खाली ठेवला.

आजोबा पायरीवर बसतात. बराच वेळ. बिडी काढतात, पेटवत नाहीत, परत ठेवतात. एकोणीस वर्षं संसारात आहे ती. कराडच्या बाजूचं खाऊन-पिऊन सुखी घर, सासऱ्यानं पोरीच्या हातात पाटल्या घालून पाठवलं होतं, आणि चाळीतल्या हळदीकुंकवाला त्या पाटल्यांमुळं तिला चटईवर पुढची जागा मिळायची.

चाळीत ते येतात तेव्हा तुमची आजी रेशनच्या तांदळातले खडे वेचतेय. चौदा वर्षांची मुलगी कोपऱ्यात अभ्यासाच्या वहीवर मान टाकून झोपलीय. तुमची आई.

"कुठं गेलता?"

"पेढीवर. बंद होती."

आजीचा हात सुपात थांबतो. ती ट्रंकेकडं बघते. कडी नीट लागलेली नाही. मग पुन्हा खडे वेचायला लागते.

"बरं झालं," ती म्हणते.

त्यावर ते काही बोलत नाहीत, तीही नाही. पाटली रात्रीत ट्रंकेत परत जाते. त्या वर्षभरात त्या दहा बाय बाराच्या खोलीतून जे जे खरं होतं ते गेलं, ही राहिली. पण तुम्हाला ते "बरं झालं" खटकतं. त्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. तुम्ही अंधारात दोऱ्याखालचा आटा चाचपता. मग लक्षात येतं, दोरा अजून आलेलाच नाही.

तिसरा आटा.

कोळशाचा वास, चिंचेचा आंबूस वास, आणि बाहेर धुरळा उडवत जाणाऱ्या लॉऱ्या. कोयनेच्या धरणाचं सामान कराडवरूनच पाटणकडं जातं. 1963, चैत्र लागलेला. लग्न वैशाखातलं. सोनाराच्या दुकानाचा दर्शनी दरवाजा ओढून घेतलाय आणि मागच्या पडवीत शेगडी पेटलीय. तुम्ही अंग चोरून भिंतीला टेकता.

तुमचे पणजोबा पाटावर बसलेत, मुंडासं मांडीवर. शेजारी सतरा वर्षांची मुलगी. आपल्याच हातातल्या पाटल्या कशा होतात ते बघायला ती हट्टानं आलीय. नाक, कपाळ, मान वळवायची लकब. हीच तांदूळ निवडत होती.

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"आण्णा, जरा चार आनं तरी सोनं घाल की," पणजोबा म्हणतात.

"कशात घालू आबा? सरकार म्हनतंय, चौदाच्या वर न्हाई." सोनार मान वर न करता बोलतो. 10 जानेवारीपासून कायदा असा की 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. अर्थमंत्री मोरारजीभाईंना सोन्याचा सोस मोडायचा होता, चोरट्या आयातीत जाणारं परकीय चलन वाचवायचं होतं. कागदावर त्यात चूक काढणं अवघड आहे. पण बावीस कॅरेटच्या दागिन्यात चोवीस भागांतले बावीस भाग सोनं. चौदाच्यात दहा भाग भेसळ. "धा भाग तांबं-चांदी घालून केल्यालं कडक हुतं आबा. तार वढली की तुटती. नक्षी धरत न्हाई. आन् घेनारा म्हनतो, ह्येला मोड किती यील? आता सांगा, येनार किती?"

त्यापेक्षा सरळ तांबं बरं, हा त्याचा हिशेब. त्यात फसवणूक आहेच. पण ती वरपक्षाची. त्याची स्वतःची नाही.

आता तो काम करतो आणि तुम्ही बघत राहता. तांब्याच्या दोन पट्ट्या ऐरणीवर वळून झाल्यात. पट्टी भरीव ठेवलीय त्यानं, मुद्दाम. सोन्याची पाटली पोकळ असते, आत लाख भरतात. तांबं सोन्याच्या जेमतेम निम्मं जड, पण भरीव घेतलं की हातात घेणाऱ्याला वजनाचा संशय येत नाही. वेलबुट्टीचा ठसा उठवून झालाय. बिजागरीला टाकणखार लावून फुंकणीनं जोड देऊन झालाय. राहिलाय मुलामा.

कोपऱ्यातून तो एक मातीचं भांडं काढतो. वर्षभराचा केर. सोनाराच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. ऐरणीखालची, चटईखालची, कपडे झटकल्यावर पडलेली धूळ साठवतात आणि झारेकरी येऊन ती विकत नेतो, धुतो, त्यातली सोन्याची कणी काढतो. यंदा झारेकरी फिरकला नाही. दुकानं बंद, तर केर कुठला? तेव्हा सोनारानं स्वतःच धुतलाय. भांड्याच्या तळाशी पाऱ्यात मुरलेला तो ऐवज आहे, लोण्यासारखा, करडा. चामड्याच्या तुकड्यात घालून तो पिळतो. जादा पारा मोत्यांसारखा खाली टपटपतो, लोणी आत राहतं.

पाटली चिंचेनं घासून लाललाल झालीय. तो बोटानं लोणी माखतो, प्रत्येक पानाच्या देठाशी, दाण्यांच्या फटीत. तांबं चांदीसारखं पांढरं होतं. मुलगी हिरमुसते.

"थांब पोरी," तो म्हणतो आणि चिमट्यानं पाटली निखाऱ्यावर धरतो.

आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावरून एक सूक्ष्म थरथर जाते. पारा उडतोय. तुम्हाला ओरडावंसं वाटतं, दार उघडा, हा धूर विषारी आहे. तुमच्या तोंडून आवाज फुटत नाही. सोनार फक्त तोंड बाजूला वळवतो. त्याच्या हाताला एक बारीक कंप आहे, तो आजचा नसावा. आणि पांढऱ्यातून हळूहळू, कडेकडेनं, पिवळं वर येतं. मातट, हळदीच्या पुडीसारखं. निखाऱ्यावरून काढून, गार करून, तो अकीकाच्या घोट्यानं ते घोटायला लागतो. घोटा फिरेल तिथं झळाळी उघडते. बॅटरीच्या पाण्यात बुडवून चढवलेलं सोनं वर्षा-दोन वर्षांत जातं. हा मुलामा साठ वर्षांनी डोंबिवलीत तुमच्या खिडकीशी अजून उरलेला असणार आहे.

"किती देऊ?" पणजोबा.

"मजुरी द्या. केराचं काय घ्यायचं?"

दुकानभर नजर टाकता. मुशी उपड्या. तराजू पेटीत. गुंजांची डबी मुलानं खेळायला घेतलीय. वर्षानुवर्षं मासा-तोळा मोजणाऱ्या या हातांना सरकार दुसऱ्या धंद्यासाठी कर्ज देऊ म्हणतंय. त्या साली कित्येक सोनारांनी जीव दिले. याचं तसं होत नाही. हा पाटल्या गुलाबी कागदात गुंडाळताना म्हणतो, "आबा, ह्ये शेवटचं. अक्षयतृतीयेला निघालो. कोयनेवर मुकादम वळखीचा हाय, खडी फोडाय तरी घ्येल."

कायदा पुढं सैल झाला, 14 कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, सुवर्णनियंत्रणाचं सगळं प्रकरण 1990 मध्ये मोडीत निघालं. त्याला त्याचा काय उपयोग!

मुलगी पाटल्या चढवून हात उन्हात धरते. तिचा बाप तिला हलकेच सांगतो, "सासरी बोलू नगंस."

"न्हाई," ती म्हणते. आणि बोलली नाही. तुमच्या आईलाही तिनं सांगितलं की नाही, कोण जाणे.

तुम्ही खीळ आणखी फिरवता. आटे संपले. खीळ सुटून तुमच्या हातात येते, पाटली मनगटावरून उघडून पडते, आणि पडल्याचा आवाज येत नाही.

कारण ती अजून झालेलीच नाही.

नोव्हेंबर 1962. कराडपासून दोन कोसांवरचं गाव, चावडीसमोरचा पिंपळ. दिवाळीच्या आठवडाभर आधी, 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला आणि ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसं बसली ती उठलीच नाहीत. या गावातली सात-आठ पोरं फौजेत आहेत. त्यांतल्या दोघांचं पत्र आलेलं नाही. त्यातच बातमी आलीय की दिल्लीनं यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलंय. कराडचा माणूस. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला निघाला, असं जो तो म्हणतोय, आणि म्हणताना नकळत ताठ बसतोय.

पिंपळाखाली टेबल, टेबलावर स्टीलचं ताट, ताटात लाल कापड. राष्ट्रीय संरक्षण निधी. तलाठी पावत्या फाडतोय. ताटात अंगठ्या आहेत, एक सर, बाळाची वाळी, आणि कुणाचं तरी एकच कर्णफूल.

रांगेत तुमची पणजी. तिला तुम्ही फोटोतसुद्धा पाहिलेली नाही, पण कपाळ बघितल्यावर ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या दोन्ही हातांत पाटल्या आहेत, खऱ्या, अडीच तोळ्यांची जोडी. वेलबुट्टी, कडेनं दाणे. सोनारानं पुढं नुसत्या आठवणीवरून तीच नक्षी उठवली असणार.

पणजोबा कानाशी लागलेत. "रोखं घे सरकारचं. पंधरा वर्सानी पैसं मिळत्याल, साडेसा टक्के याज."

"कशाच्या भावानं?"

तलाठी सांगतो: तोळ्याला 62 रुपये 50 पैसे. बाजारात तेव्हा त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळतात.

"मग दान केल्यालं काय वंगाळ?" ती म्हणते. यात देशभक्ती किती आणि सरकारी भावाचा राग किती, हे तिचं तिलाच ठाऊक. मला तर दोन्ही सारखंच दिसतं. "दिलं तं दिलं. वर याज कशाला?"

पण पाटल्या निघत नाहीत. वीस वर्षांत निघाल्याच नाहीत कधी. या जोडीला खीळ नव्हती, आणि हाड रुंदावलं. कुणी साबणाचं पाणी आणतं. डावी निघते. उजवीसाठी सतरा वर्षांच्या पोरीला पुढं बोलावतात. ती आईचं मनगट मांड्यांत धरून फेसाळ हातांनी ओढते. याच पाटल्या तिला मिळायच्या होत्या. लहानपणापासून तसं ठरलेलं. ती आजारी पडली की आई तिच्या उशाशी बसायची आणि ती पाटलीतले दाणे मोजत झोपायची. ती ओढते आणि रडते, आणि रडते म्हणून हात सुटतात आणि पुन्हा ओढते.

निघते. तलाठी तोलतो, आतल्या लाखेचं वजन अंदाजानं वजा करतो, पावती लिहितो. लाल कापडावर दोन वाजल्यासारखा आवाज होतो.

पणजीच्या मनगटांवर दोन गोरे पट्टे उघडे पडलेत, वीस वर्षं ऊन न लागलेले. ती पदर ओढून ते झाकते आणि पोरीचं नाक पुसते.

"आन् माज्या लग्नात?" मुलगी विचारते.

"घडवू की." आई हसते. "सोनार काय गाव सोडून चाललाय व्हय?"